रक्तांतील वही

नाशिकक्षेत्रीं बाहेरगांवचें कुटुंब आलें म्हणजे रामकुंडावरील तीर्थोपाध्याय प्रथम आडनांव व मूळ गांव विचारतात. तेवढें समजलें कीं आंतल्या खोलींतून एक जाड, पिवळ्या पानांची वही निघते, आणि आपले पणजोबा कोणत्या सालीं, कोणाबरोबर, कोणाच्या अस्थि घेऊन येथें आले होते, हें त्यांच्याच हातच्या अक्षरांत वाचावयास मिळतें. ज्यांस आजोबांपलीकडचें नांव ठाऊक नव्हतें अशा तरुणांचाहि ऊर ती वही पाहून क्षणभर भरून येतो. या महिन्यांत ज्या विषयावर लिहावयाचें आहे त्यांतहि एक वहीच आहे. मात्र ती कोणा उपाध्यायांच्या कपाटांत नसून प्रत्येकाच्या रक्तांत आहे, आणि तिच्यांत पणजोबांइतकाच पणजीचाहि मजकूर आहे.

निमित्त झालें तें गोदाकांठच्या एका जुन्या वाड्यांतून आलेल्या पत्राचें. लिहिणाऱ्या भगिनी या घरच्या धाकट्या सूनबाई. ओळख पटूं नये म्हणून किरकोळ गोष्टी बदलून त्यांच्या पत्राचा सारांश देतों.

त्यांचे थोरले भावजी २००७ सालीं वारले. दुखणें छातीचें म्हणून सर्वांस सांगण्यांत आलें होतें. खरें नांव फक्त डॉक्टरांस व मामंजींस ठाऊक होतें. दिवस झाल्यावर थोरल्या जाऊबाईंची तपासणी झाली आणि त्यांच्याहि रक्तांत एच.आय.व्ही. हा विषाणु असल्याचें निष्पन्न झालें. त्यांची एकुलती एक कन्या त्या वेळीं चार वर्षांची होती. तिची तपासणी सुदैवानें निर्दोष निघाली. जाऊबाईंच्या रक्तांतील सीडी४ पेशींची संख्या भरपूर होती, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणें ती संख्या बरीच खालीं आल्याखेरीज औषध सुरू करीत नसत. तेव्हां ‘अधूनमधून तपासून घेत जा’ एवढेंच सांगून त्यांस परत पाठविण्यांत आलें. दोन-तीन वर्षें त्या मामंजींबरोबर जात राहिल्या. पुढें मामंजी गेले, बरोबर येणारें कोणी उरलें नाहीं, आणि जाणें सुटलें.

आज त्या गोष्टीस अठरा वर्षें होऊन गेलीं. जाऊबाई धडधाकट आहेत. पहांटे उठतात, सोंवळ्याचा स्वयंपाक करतात, गणपतींत शंभर मोदक एकहातीं वळतात. घरांत याचे अर्थ मात्र जितकीं तोंडें तितके लागले आहेत. सासूबाई म्हणतात, हें सोळा सोमवारांचें फळ. पत्रलेखिकेचे पति म्हणतात, तो कागदच चुकीचा असावा. आणि दिवाळीस माहेरीं आलेल्या वन्सं एकदां बोलून गेल्या कीं, ‘दादा गेला आणि ही कशी राहिली, हें देवासच ठाऊक!’ त्या वाक्यानें जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहींत. सर्वांत चमत्कारिक गोष्ट पत्रलेखिकेनें शेवटीं एका ओळींत लिहिली आहे. रोग नाहीं असें जें घर आज म्हणतें, त्याच घरांत जाऊबाईंचा पितळी पेला अठरा वर्षें फडताळांत वेगळा ठेवलेला आहे.

पत्रांत तीन प्रश्न आहेत. एकाच विषाणूनें पतीचा बळी घेतला व पत्नीस अठरा वर्षें जणूं धक्काहि लावला नाहीं, हें कसें? प्रकृति इतकी निरोगी असतां औषधाची आवश्यकता आहे काय? आणि मुलीचें लग्न जमवावयाचें आहे. आईचा रोग किंवा आईची ही शक्ति, यांपैकीं तिच्या वांट्यास काय आलें असेल?

प्रथम शत्रूची थोडी ओळख करून घेऊं. एड्स हा रोग वैद्यकाच्या नजरेस १९८१ सालीं अमेरिकेंत आला, व १९८३ सालीं पॅरिस येथें त्याचा विषाणु हातीं लागला. आपल्या देशांत तो पोंचला आहे हें १९८६ सालीं मद्रास येथें सिद्ध झालें. तें सिद्ध करणाऱ्या डॉक्टर सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कन्या होत्या, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. पुढें १९९३ सालीं त्यांनीं वडिलांचें नांव देऊन त्याच शहरांत या रोग्यांसाठीं शुश्रूषेचें व संशोधनाचें केंद्र काढलें. ज्या काळीं कित्येक रुग्णालयें या रोग्यांस दारांत उभें करीत नसत, त्या काळीं त्यांनीं त्यांस जवळ बसवून घेतलें. २०१५ सालीं त्या निवर्तल्या. २०२३ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणें या विषाणूसह जगणारे लोक भारतांत सुमारें २५ लक्ष होते, आणि त्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. तेव्हां ‘आमच्यांत असलें कांहीं नसतें’ हें वाक्य कोणत्याहि आळींत, कोणत्याहि ज्ञातींत उच्चारण्याजोगें राहिलेलें नाहीं.

हा विषाणु शरीराच्या रक्षकांवरच घाला घालतो. सीडी४ नांवाच्या पांढऱ्या पेशी इतर रक्षक पेशींस हुकूम देणाऱ्या. त्यांच्यांतच शिरून तो आपली वीण वाढवितो. उपचार न केल्यास संसर्गापासून एड्सपर्यंत सरासरीनें आठ-दहा वर्षें लागतात. परंतु सरासरी हा मोठा फसवा शब्द आहे. कोणी दोन-तीन वर्षांतच खंगतो. कोणी वीस वर्षें औषधावांचून हिंडताफिरता राहतो. शेंकड्यास एकाहूनहि कमी असे कांहीं लोक सांपडतात कीं, त्यांच्या रक्तांतील विषाणु नेहमींच्या चाचणींत मोजण्याइतकाहि भरत नाहीं. शास्त्रज्ञ त्यांस ‘नियंत्रक’ अशा अर्थाचें नांव देतात. कारण विषाणु त्यांच्या शरीरांत असतो, पण शरीर त्यास डोकें वर काढूं देत नाहीं.

हें कशामुळें घडतें, याचा शोध लागण्यास दोन पायऱ्या लागल्या. पहिली पायरी दाराची. विषाणूस पेशींत शिरावयाचें तर केवळ सीडी४ची कडी धरून भागत नाहीं. सीसीआर५ नांवाची दुसरी एक कडीहि हातीं लागावी लागते. १९९६ सालीं असें आढळून आलें कीं, कांहीं लोकांच्या जनुकांतून ३२ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असल्यामुळें ही दुसरी कडीच घडत नाहीं. आई व बाप या दोघांकडूनहि असें खंडित जनुक ज्यास मिळालें, त्याच्या पेशींत हा विषाणु बहुधा शिरूंच शकत नाहीं. एकाकडूनच मिळालें तर शिरतो, पण रोग सावकाश वाढतो. अशाच एका दात्याची अस्थिमज्जा २००७ सालीं बर्लिन येथें टिमथी ब्राऊन या रक्तकर्काच्या रोग्यास देण्यांत आली, आणि एच.आय.व्ही.पासून सर्वस्वीं मुक्त झालेला तो जगांतील पहिला मनुष्य ठरला. पुढें २०२० सालीं तो वारला तो पुन्हां उलटलेल्या रक्तकर्कानें. विषाणु त्याच्या शरीरांत परत आलेला नव्हता.

परंतु ही कथा ऐकून आपण हुरळून जाण्याचें कारण नाहीं. हें खंडित जनुक मुख्यतः उत्तर युरोपांतील लोकांचें आहे. भारतीयांत तें फारच विरळा. आपल्या पत्रांतील जाऊबाईंच्या शक्तीचा उगम शोधावयाचा तर दुसऱ्या पायरीकडेच वळलें पाहिजे, आणि खरी मौज तेथेंच आहे.

पेशी म्हणजे एक बंद घर समजा. आंत काय शिजत आहे हें रस्त्यावरच्या पहारेकऱ्यास कसें कळावें? म्हणून प्रत्येक पेशी आपल्या आंतील प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे करून, एकेका वाटींत घालून, बाहेर उंबऱ्यावर मांडून ठेवते. मारक पेशी नांवाचे पहारेकरी गस्त घालतांना या वाट्या तपासतात. घरचेंच अन्न दिसलें कीं पुढें जातात. विषाणूचा तुकडा दिसला कीं त्या घराचा तेथल्या तेथें नाश करतात, म्हणजे विषाणूची आंतली वीणहि संपते. या वाट्यांस एच.एल.ए. असें नांव आहे. हें नांव सुशिक्षित घरांत अगदींच अपरिचित नसावें. कोणास अस्थिमज्जा किंवा मूत्रपिंड द्यावयाचें झालें तर भावंडांचें ‘जुळतें कीं नाहीं’ म्हणून जें पाहतात तें प्रायः हेंच.

आतां सर्वांच्या घरीं वाट्या सारख्या घाटाच्या नसतात. मनुष्यजातीच्या सर्व जनुकांत या वाट्यांचीं जनुकें सर्वाधिक विविध आहेत. आणि त्यांतहि ‘बी’ या नांवाची जी वाटी आहे तिचे प्रकार हजारोंनीं मोजले गेले आहेत. एखाद्या घाटाच्या वाटींत विषाणूचा जो तुकडा नीट बसतो तो दुसऱ्या घाटाच्या वाटींत बसत नाहीं. विषाणु मोठा बहुरूपी आहे. जो तुकडा पहारेकऱ्यांनीं ओळखला त्याचें रूप तो चटकन् पालटतो व निसटतो. पण त्याच्या शरीराचे कांहीं भाग असे आहेत कीं, तेथें फेरफार केला तर तो स्वतःच लुळा पडतो. त्याच्या आंतील कवचाचे कांहीं तुकडे या जातीचे आहेत. ‘बी-५७’ व ‘बी-२७’ या क्रमांकांच्या वाट्या नेमके असे तुकडे उंबऱ्यावर आणून ठेवतात. म्हणजे चोरानें वेष पालटला तर त्याचे पाय अडखळतात, न पालटला तर ओळखला जातो. उलट ‘बी-३५’ या वाटीचे कांहीं प्रकार असे आहेत कीं ते ज्यांच्याजवळ आहेत त्यांचा रोग लौकर बळावतो.

हें केवळ तर्कानें ठरलेलें नाहीं. २०१० सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं मिळून ९७४ नियंत्रक आणि २,६४८ सामान्य रोगी यांचीं जनुकें अथपासून इतिपर्यंत ताडून पाहिलीं. मनुष्याच्या तेवीस जोड्या गुणसूत्रांत ठिकठिकाणीं फरक सांपडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तीनशेंहून अधिक ठळक फरक निघाले, ते सारे सहाव्या गुणसूत्रावरील या वाट्यांच्या मुलखांत. आणि त्यांचें मूळ शोधीत गेल्यावर तें ‘बी’ वाटीच्या खोबणींतील मोजक्या कणांपाशीं येऊन थांबलें. वाटीच्या तळाशीं एखादा कण वेगळा असणें एवढाच एका घरच्या सुनेच्या आणि तिच्या पतीच्या दैवांतील फरक असूं शकतो.

येथें आपल्या वहीकडे पुन्हां वळूं. या वाट्यांचा एक संच आपणांस पित्याकडून मिळतो व एक मातेकडून. पित्याजवळ दोन, मातेजवळ दोन. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच तंतोतंत सारखे येण्याचा संभव चारांत एक. एकाच आईच्या दोन लेकरांपैकीं एक या रोगापुढें टिकाव धरतें व दुसरें धरीत नाहीं, याचें कारण पुष्कळदां इतकें साधें असूं शकेल. दोन्ही संच वेगवेगळे असणें हेंहि हिताचें असतें. ज्यांस दोघांकडूनहि एकच प्रकार मिळाला त्यांच्याजवळ तुकडे दाखविण्यास वाट्या कमी, आणि त्यांचा रोग अधिक वेगानें वाढतो, असें १९९९ सालीं दिसून आलें. आपल्याकडे सोयरीक जुळवितांना गोत्र पाहण्याची चाल आहे. त्या चालींत हें शास्त्र आधींच होतें असें म्हणण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरलेला बरा. गोत्र केवळ पित्याच्या बाजूनें मोजतात. वाट्या दोन्ही बाजूंनीं निम्म्या निम्म्या येतात. एवढेंच नव्हे, आपल्याच कांहीं पोटज्ञातींत मामाची मुलगी करण्याची रीति आहे. तेथें गोत्र भिन्न असूनहि वाट्यांचा एक संच सामाईक असण्याचा बराच संभव राहतो. गोत्राच्या वंशावळींत आजीचें माहेर गळून जातें. रक्तांतील वहींत तिचा हिस्सा कोणासहि गाळतां येत नाहीं.

या वहींतील लिखाण चांगलें किंवा वाईट असें ठरविण्याचीहि सोय नाहीं. जी ‘बी-२७’ वाटी या विषाणूस आवर घालते, तीच कंबरेचा व कण्याचा एक हट्टी संधिवात होण्यास कारण होते. आणि ‘बी-५७’चा जो एक पोटप्रकार विषाणूस रोखतो, तो ज्याच्याजवळ आहे त्यास याच रोगावरील अबाकाविर नांवाचें औषध दिलें तर अंगावर उठण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत प्रसंग येऊं शकतो. म्हणून तें औषध देण्यापूर्वीं पुष्कळ देशांत ही वाटी तपासून घेतात. आपल्या लोकांत हा पोटप्रकार दुर्मिळ नाहीं, तेव्हां ही सूचना आपणांसहि लागू आहे. पूर्वजांनीं ठेवलेल्या तिजोरींत एकाच पेटींत सोनें व विस्तव दोन्ही असावे, तसा हा प्रकार आहे.

शिवाय सर्वच कांहीं या वहींत लिहिलेलें नसतें. रक्तांतील विषाणूचें प्रमाण माणसामाणसांत जें वेगवेगळें आढळतें, त्यांतील सुमारें एक-चतुर्थांश फरकाचाच उलगडा ज्ञात जनुकांवरून होतो, असें २०१५ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत दिसलें. उरलेल्या भागांत विषाणूच्या जातीचा, वयाचा व निव्वळ योगायोगाचा वांटा असतो. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें एका दात्याचें रक्त अनेकांस देण्यांत आलें होतें. त्यांस संसर्ग झाला, पण रोग वर्षानुवर्षें वाढेना. तपासाअंतीं निघालें कीं माणसें बळकट नव्हतीं, विषाणूच पंगु होता. त्याच्या एका जनुकाचा भाग तुटलेला होता. आणि अशा पंगु विषाणूनेंहि पुढें त्यांतील कांहींच्या प्रतिकारशक्तीस उतरती कळा आणलीच. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत ६४ नियंत्रकांच्या पेशी तपासल्या असतां दिसलें कीं, त्यांच्यांत उरलेला विषाणु बहुधा गुणसूत्रांच्या ओसाड भागांत कोंडला गेला होता. अडगळीच्या खोलींत पडलेल्या बियाण्यासारखा, आहे पण उगवत नाहीं.

आपल्या प्रांतांतहि या दिशेनें काम झालें आहे. पुण्याजवळ भोसरी येथें १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. औषधाविना दीर्घ काळ टिकून राहिलेल्या रोग्यांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास तेथें झालेला आहे. मुंबईस परळ येथील राष्ट्रीय संस्थेंत महाराष्ट्रांतील लोकांच्या एच.एल.ए. प्रकारांची नोंद झाली, तींत या विषाणूच्या रोग्यांचाहि समावेश होता. अशा कामाचें महत्त्व किती तें एका उदाहरणावरून कळेल. जगांतील पहिले मोठे अभ्यास बहुतांशीं गोऱ्या लोकांवर झाले होते. २०२३ सालीं आफ्रिकी वंशाच्या जवळजवळ चार हजार रोग्यांचीं जनुकें पाहिलीं तेव्हां पहिल्या गुणसूत्रावर विषाणूस आवरणारा एक नवाच फरक सांपडला. गोऱ्या लोकांत तो जवळजवळ नसल्यामुळें तोंवर तो कोणास दिसलाच नव्हता. आपल्याकडे तर विषाणूची जातहि युरोप-अमेरिकेंतल्याहून निराळी, ‘सी’ या अक्षरानें ओळखली जाणारी आहे. आपल्या लोकांच्या वहीचीं किती पानें अद्याप कोणी उघडलेलींच नाहींत! तीं उघडावयाचीं तर जाऊबाईंसारख्या व्यक्तींनीं निर्भयपणें पुढें यावें लागतें. आणि ज्या घरांत पेला वेगळा ठेवतात त्या घरांतून कोण कशास पुढें येईल?

आतां पत्रांतील प्रश्नांचीं उत्तरें देतों. जाऊबाई खरोखरच नियंत्रकांपैकीं आहेत किंवा रोग त्यांच्यांत केवळ मंदगतीनें चालला आहे, हें घरीं बसून मलाच काय, कोणासहि सांगतां येणार नाहीं. कागद चुकीचा असण्याचा संभव थोडा. कारण सरकारी केंद्रांत तीन वेगवेगळ्या चांचण्या जुळल्यावांचून असा निकाल देत नाहींत. तरी आतां पुन्हां तपासणी करावी, सीडी४ पेशी मोजाव्या आणि रक्तांत विषाणु किती आहे याचीहि चांचणी करून घ्यावी. अठरा वर्षांच्या तर्कांस तेवढ्यानें पूर्णविराम मिळेल.

दुसरा प्रश्न औषधाचा, आणि येथें माझें उत्तर निःसंदिग्ध आहे. पूर्वींचा नियम आतां राहिलेला नाहीं. आपल्या सरकारनें १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला; तेव्हां तीं थोडीं होतीं, म्हणून अधिक आजारी असेल त्यास प्रथम, असा क्रम होता. पुढें २०१५ सालीं पस्तीस देशांतील ४,६८५ लोकांवर झालेल्या एका चांचणीचा निकाल हातीं आला. ज्यांच्या सीडी४ पेशी भरपूर होत्या अशांसहि लागलींच औषध सुरू केल्यानें गंभीर दुखणीं व मृत्यु निम्म्याहून कमी झाले. त्यास अनुसरून २०१७ पासून आपल्याकडेहि पेशींची संख्या कितीहि असो, विषाणु सांपडला कीं औषध, असा नियम झाला आहे. नियंत्रकांच्या शरीरांतहि हा झगडा आंतल्या आंत चालूच असतो. त्यांच्या रक्तांत दाहाचीं लक्षणें निरोगी माणसाहून अधिक आढळतात, हृदयास व रक्तवाहिन्यांस त्याचा उपद्रव पोंचूं शकतो, आणि कांहींचा हा ताबा कालांतरानें सुटतो. पहारेकरी अठरा वर्षें जागा राहिला म्हणून त्यास कधीं विसांवाच देऊं नये, हा कोठला न्याय? आज पुष्कळांस दिवसाकांठीं एक गोळी पुरते. जें निसर्गानें शेंकड्यास एकालाहि दिलें नाहीं, तें त्या गोळीनें सर्वांस मिळूं शकतें. आणि नेमानें औषध घेऊन रक्तांतील विषाणु मोजण्याच्या खालीं राहिला तर तो पति-पत्नीच्या संबंधांतूनहि दुसऱ्यास लागत नाहीं, हें आतां सिद्ध झालेलें आहे. तेव्हां धाकट्या सूनबाईंनींच जाऊबाईंबरोबर सरकारी रुग्णालयांतील केंद्रावर जावें. मामंजींनंतर जी जागा रिकामी राहिली ती त्यांनीं भरून काढावी, एवढीच माझी विनंति.

तिसरा प्रश्न मुलीचा. चार वर्षांच्या वयांत झालेली निर्दोष तपासणी भरंवशाची असते. मातेकडून हा विषाणु येतो तो गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं किंवा अंगावरच्या दुधांतून. जो त्या वेळीं आला नाहीं तो पुढें एका ताटांत जेवल्यानें, एका पेल्यांतून पाणी प्याल्यानें किंवा आईच्या कुशींत निजल्यानें येत नाहीं. मुलगी निरोगी आहे. तिच्या पत्रिकेंत या रोगाचा शब्दहि येण्याचें कारण नाहीं. आईची शक्ति म्हणाल, तर ती एखाद्या वाटींत असल्यास मुलीकडे येण्याचा संभव दोहोंत एक. परंतु आली म्हणून ती कवचकुंडलें समजूं नये. ‘बी-५७’ वाटी विषाणूस दारांत अडवीत नाहीं. आंत शिरल्यावर त्याची चाल मंद करते, इतकेंच. विवाहापूर्वीं वधूवर दोघांनींहि रक्त तपासून घेणें हें मात्र कोणत्याहि घरीं शहाणपणाचेंच आहे, आणि तो नियम मुलाकडच्यांसहि तितकाच लागू आहे. आईच्या रोगाची वाच्यता करावी कीं नाहीं, हा निर्णय आईचा. २०१७ सालीं झालेला व २०१८च्या सप्टेंबरांत अमलांत आलेला एच.आय.व्ही.संबंधींचा कायदा तिच्या संमतीवांचून तें उघड करण्यास मनाई करतो, व या कारणावरून नोकरी, शिक्षण किंवा औषधोपचार यांत भेदभाव करण्यासहि प्रतिबंध करतो.

पत्रांत न विचारलेला एक चौथाहि प्रश्न आहे, आणि तो वन्सं बोलून गेल्या त्या वाक्यांतील आहे. जो गेला तो पापी नव्हता, आणि जी राहिली तिनें कोणाचें आयुष्य चोरलें नाहीं. सासूबाईंची श्रद्धा त्यांच्यापाशीं असो. सोळा सोमवारांनीं सुनेच्या मनास बळ दिलें असेल तर त्यांत कोणाचें कांहीं गेलें नाहीं. परंतु सून वांचली तें व्रताचें फळ, असें एकदां म्हटलें कीं मुलगा गेला तो कोणत्या व्रताच्या अभावीं, हाहि प्रश्न त्याच मातेच्या दारीं येऊन उभा राहतो. तिच्या जिवास तो घोर कशास? एका वाटीचा घाट थोडा निराळा होता, एवढेंच खरें. ती वाटी जाऊबाईंनीं कमावलेली नाहीं; त्यांच्या माहेरच्या, नांवगांव विसरलेल्या कोणा पणजीकडून ती आलेली असेल. आणि भावजींस ती मिळाली नाहीं हा त्यांचा अपराध नव्हे.

रामकुंडावरील वहींत आपण काय लिहावें हें आपल्या हातीं असतें. रक्तांतील वहींत आधींच लिहिलेलें असतें. पण दोन्ही वह्या मिटल्यावर घरांत एकमेकांशीं कसें वागावें, तें पान कोणीहि आपल्यासाठीं लिहून ठेवलेलें नाहीं. पत्रलेखिका भगिनींस माझें सांगणें इतकेंच कीं, केंद्रावर जाण्याचा दिवस ठरेपर्यंत थांबूं नये. तो पितळी पेला आजच फडताळांतून काढून, चिंचेनें लख्ख घांसून, घरच्या इतर पेल्यांत मिसळून टाकावा. उद्यां सकाळीं पाणी भरतांना कोणता पेला कोणाचा हें कोणास आठवूं नये.